अडीच आयपीसभर देवयानी

"देवयानी दीर्घिका पाच चंद्रांएवढी लांब," अशी नोंद मी आमच्या पुण्याच्या आकाशनिरीक्षण गटात दिली आणि गटप्रमुख सर सगळ्यांदेखत म्हणाले, "पुस्तकातून उतरवलीस ना?" तळपायाची आग मस्तकात गेली! स्वतःच्या डोळ्यांनी मोजून दाखवायचंच म्हणून दुर्बीण उचलली आणि काळोख्या आकाशासाठी वाशीम जिल्ह्यात ताईच्या सासरी निघालो.

रात्रीच्या बसने सकाळी शेलूबाजार, पुढे जीप. दुर्बीण मांडीवर. शेजारच्या आजींनी विचारलं, "फवारनीचा पंप कितीचा घेतला?" थंडीत जा, अमावस्या गाठा, मात्र तीच तारीख का निवडली, हे ताईच्या सासूबाईंना सांगू नका. मी सांगितलं. त्या दिवसभर माझ्यापासून लांबच बसल्या.

मोजायची रीत सोपी आहे. दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग म्हणजे आयपीस; माझ्या आयपीसमधल्या गोलात पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी मावतात. वस्तूने गोल किती व्यापला, ते बघायचं.

संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची भाजी चापून अंगणात दुर्बीण लावली. तेवढ्यात भाऊजींनी लग्नातला फोकस पेटवला.

"भाऊजी, हे काय?"

"पाहुना अंधारात बसला त लोक काय म्हनतीन? तुमाले नीट दिसलं पायजे!"

नीट दिसलं. पाव गोल, म्हणजे अर्धा चंद्र. सर जिंकले. पाहुणचाराला नावं कशी ठेवायची, म्हणून नुसता बाजूला सरकलो. मग भाऊजींनी डोळा लावला.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी पुन्याहून आले?" त्यांचा आवाज पडला. "आमच्या इथं लहानच दिसते काय?"

आता मात्र राहवलं नाही. "उजेडानं कडा पुसल्या जातात, भाऊजी. लाइट घालवा."

त्यांनी फोकस विझवला, मग घराघरांत जाऊन अख्ख्या गल्लीतले दिवे बंद करवले. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलो, मग भाऊजींनी पुन्हा डोळा लावला.

"अबे बाप! मावूनच नाही राह्यली!"

दुर्बीण सरकवत मोजली. अडीच गोल. पाच चंद्र! मी अक्षरशः उडी मारली.

पुण्यात सरांनी साक्षीदार विचारला. "भाऊजी," म्हणालो. नोंद अजून मान्य नाही. गॅलरीतून देवयानी पुन्हा टिकलीएवढी दिसते.

काल भाऊजींचा फोन आला. "गल्लीतले लाइट बंद करून बसलो आहो. नुसत्या डोयानं थोडीशीच दिसून राह्यली. तुमी कधी येता?"

पुढच्या अमावस्येची दोन तिकिटं काढली आहेत. दुसरं सरांचं. त्यांना अजून विचारलेलं नाही.