बारा शब्द मी भावाला दिले नाहीत

मंडळी, आठवतं का, बिटकॉइनला कुणी विचारत नव्हतं तेव्हा आपण रोज सकाळी फोरमवर जमायचो. मी दीपनगरच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधून नवख्यांना मराठीत उत्तरं लिहायचे आणि तुम्ही आभार म्हणून थोडी नाणी पाठवायचात. प्रश्न विचारणाऱ्या नवख्यालाही थोडी द्यायची, ही आपली रीत.

त्या नाण्यांचे लाखो झाल्याचं कळलं आणि आज धाकटा भाऊ धुळ्याहून आला. चहा संपायच्या आत म्हणाला, "अक्का, तुझं बिटकॉइनचं वॉलेट उघडायचे ते बारा शब्द मला लिहून दे. वय झालं तुझं, विसरशील."

"शब्द पाठ आहेत. तू याला रिकामटेकड्या बायकांचा जुगार म्हणाला होतास, तेही पाठ आहे."

"अगं, घरातलं घरात राहू दे."

"हे घरातलं नाही. माझं आहे."

तो रागावून गेला. वाईट वाटलं, पण मी बधले नाही. लगेच मृत्युपत्राचा कागद केला.

पहिले सहा शब्द दोंडाईच्याच्या भाचीला, उरलेले सहा भुसावळच्या मैत्रिणीला. माझ्यानंतर दोघींनी मिळून वॉलेट उघडायचं. निम्मी नाणी त्यांची. बाकीची आपल्या रीतीप्रमाणे, फोरमवर येऊन प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक नवख्याला थोडी थोडी. भावाने येऊन विचारलं, तर त्यालाही तेवढीच.