आधी सुटका, मग पळवणूक

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी झपाट्याने उभ्या राहिल्या : पत्र्याच्या शेड आणि कोचिंग क्लास. पुढे शेडमध्येच क्लास भरू लागले. माझ्या आत्याच्या घराची एक भिंत पडली होती. ती बांधताना एक खोली वाढली आणि तीत जळकोटची एक मुलगी राहायला आली. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी तिचं हे दुसरं वर्ष. तिला घरी जायचं होतं. क्लासच्या फलकावरची मुलं मात्र सगळी हसरी होती.

संध्याकाळी आत्या तिला एका मूकपटाची गोष्ट सांगे. व्यापाऱ्याच्या मुलीला फसवून जहाजावर चढवतात आणि आफ्रिकेला नेतात. तिचा प्रियकर समुद्र ओलांडून तिला सोडवून आणतो. उदगीरच्या तंबूत माझे आजोबा पडद्याशेजारी उभे राहून हा सिनेमा समजावून सांगायचे. नायिका परमुलखात अडकली की बाजाराला आलेली मंडळी बाकडी मोडत. म्हणून आजोबा सुटकेची रिळं आधी लावायला सांगत. मग पळवणूक लोक निवांत बघत. कुणी विचारलंच, तर ती पुन्हा पळवली गेली, असं आजोबा ठोकून देत.

या सिनेमाची प्रत आता कुठेच नाही. त्यामुळे आत्याचं म्हणणं खोडता येत नाही.

"म्हंजे रिपीटर हाय की ती," मुलगी म्हणाली.

रविवारी तिचे वडील भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन आले. मुलीने ते सोडलंही नाही. "अण्णा, मला घरी न्या."

"एवढं एकच वर्ष, बाई. मंग मीच येतो न्यायला."

"मागल्या साली नेलंच होतं की," आत्या म्हणाली. "आमच्या तंबूतल्या सिनेमावानी. आधी सोडवायचं, मंग पळवायचं."

वडील हसले. सिनेमाची गोष्ट त्यांनी मुलीकडून अर्धीमुर्धी ऐकलेली होती. "आन् शेवटी काय होतं?"

"जहाज सुटतं."

"मंग तिला आणाया कोण जातं?"

"कोन जाईल? सुटका आधीच होऊन गेली की."

वडिलांनी चहा संपवला. मुलीकडे बघितलं. मग खाटेखालची ट्रंक ओढली आणि खांद्यावर घेतली. "चल. साडेचारची गाडी हाय."

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर रेणापूरची मुलगी आली. सोडायला आलेले तिचे वडील म्हणाले, "एकच वर्ष."

आत्याने तिलाही गोष्ट सुटकेपासूनच सांगायला घेतली.