ठिणगी पडायच्या आत

आमच्या फायर स्टेशनच्या रजिस्टरमध्ये एका वर्दीला, म्हणजे मदतीसाठी आलेल्या एका फोनला, दोनच ओळी मिळतात. ‘गॅसगळती. आटोक्यात आणली. जीवितहानी नाही.’ बाकीचं सगळं आमच्या डोक्यात साठत जातं आणि गाडी धुऊन झाली, चहा आला, की बाहेर पडतं.

मी बारामती एमआयडीसीत फायरमन आहे. घोलप साहेब आमचे स्टेशन ऑफिसर. गॅस सुटला की त्यांना एकच ध्यास असतो, ठिणगी पडू द्यायची नाही. "लागलेली आग कुणालाही दिसते," ते म्हणतात. "आपलं काम ती लागायच्या आधीचं आहे."

* * *

एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वास येतोय म्हणून गेलो, तर आचारी सिलेंडरच्या नळीपाशी वाकून काडी ओढायच्या बेतात! साहेबांनी त्याचं मनगट धरलं ते मी रेग्युलेटर बंद करेपर्यंत सोडलं नाही.

"अवो, काडी धरली की कुठनं गळतंय ते लगीच कळतं," आचारी म्हणाला.

"कळतं," साहेब म्हणाले. "पण दुसऱ्याला सांगायला आपण राहत नाही."

मग त्यांनी साबणाचा फेस नळीला लावून बुडबुडे कुठे येतात ते दाखवलं. आचाऱ्याने मान डोलावली आणि काडी परत पेटीत घातली.

"ह्ये बरं हाय," तो म्हणाला. "काडीबी वाचली."

* * *

इंदापूर रोडवरच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला. गॅस फसफसतोय म्हणाला. मी विचारलं, "तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"सिलेंडरपशीच हुबा हाय. तुमी काय इचारलं तर बघून सांगता यावं म्हणून."

साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सगळ्यांना बाहेर काढा. कुठलंही बटण दाबू नका. आणि चालत सुटा, ऊस लागेपर्यंत थांबायचं नाही."

आम्ही पोचलो, सिलेंडर उघड्यावर नेला, भटारखाना मोकळा केला. मालक मात्र कुठे दिसेना. शेवटी मी फोन लावला.

"हिकडं ऊसच न्हाय, साहेब," तो धापा टाकत म्हणाला. "समदं डाळिंबच हाय. आजून चालतुय."

* * *

बावड्यात एका घराच्या पडवीत सिलेंडरच्या तोंडाशी जाळ लागला होता. व्हॉल्व्ह इतका तापलेला की हात लावता येईना. अशा वेळी जाळ विझवायचा नसतो. विझवला तर गॅस तसाच सुटत राहतो, घरात भरतो आणि मग एक ठिणगी पुरते. म्हणून आम्ही पाणी मारून सिलेंडर आणि भिंत गार करत राहिलो. जाळ आपला चालूच.

घरमालक तात्यांनी आम्हाला धारेवर धरलं. "भिताड काय धुताय? जाळावर मारा की!" मागे सगळा गाव. एकजण व्हिडिओ काढत होता आणि आम्हाला आग विझवता येत नाही असं मोठ्यानं सांगत होता. खोटं कशाला बोलू, मला असा राग आला होता की पाईप त्याच्याच हातात द्यावा. साहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने साहेब पाण्याच्या फवाऱ्याआडून पुढे गेले आणि व्हॉल्व्ह फिरवला. जाळ आपोआप गेला.

तात्यांनी गार झालेल्या सिलेंडरकडे वाकून पाहिलं. मग मला म्हणाले, "आयला, कवा इझवायचं न्हाय, ह्याचंबी शिक्षान असतं व्हय?"

* * *

एमआयडीसीत एकदा नेमकी शिफ्ट सुटताना गळती झाली. फाटकापाशी मोटारसायकलींची गर्दी, प्रत्येकाला घरी जायची घाई. साहेब वाट अडवून उभे राहिले. चाव्या बादलीत टाका आणि चालत बाहेर पडा, म्हणाले. सगळ्यांनी टाकल्या.

गळती अर्ध्या तासात बंद झाली. चाव्या ओळखण्यात संध्याकाळ गेली.

* * *

सणसरजवळ गॅसचा टँकर उलटला तेव्हा सकाळची वेळ होती. गॅस जमिनीला धरून वस्तीच्या बाजूला सरकत होता. आम्ही घरोघरी पळत जाऊन चुली विझवायला लावल्या, पाण्याच्या मोटारी बंद करायला लावल्या. आता फक्त गळती बंद व्हायची होती.

तेवढ्यात पाणंदीतून अंत्ययात्रा येताना दिसली. पुढे थोरला मुलगा, त्याच्या हातात विस्तवाचं मडकं. मडक्यातून धूर निघत होता आणि ते सगळे थेट गॅसच्या दिशेने चालले होते.

साहेब हेल्मेट काढून त्यांना सामोरे गेले. टँकरचं सांगितलं. वारा फिरतोय, मागे वळूनही भरवसा नाही, विस्तव इथेच विझवावा लागेल, म्हणाले.

भावकीतले एक आबा पुढे झाले. "घरनं निघालेला इस्तू वाटंत इझवत न्हाईत, साहेब."

"आबा, मागे सगळी वस्ती आहे."

कुणी हलेना. मुलगा मडकं छातीशी धरून उभा. मला वाटलं, आता हिसकावून घ्यावं लागतंय, आणि ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

तेव्हा मागून त्याची आई पुढे आली. "त्येंनी उभी हयात पाटाच्या पाण्याची वाट बघितली," ती म्हणाली. "आजून चार तास बघत्याल. ठेव खाली, बाळा."

मुलाने मडकं खाली ठेवलं. साहेबांनी कुणीतरी पुढे केलेल्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. तिरडी मागे वस्तीपलीकडच्या लिंबाखाली नेली आणि सगळे तिथेच बसून राहिले. एकानेही बिडी पेटवली नाही.

गळती बंद व्हायला दुपार झाली. साहेबांनी गॅस मोजायचा मीटर घेऊन अख्खी पाणंद तपासली आणि मग स्वतः लिंबाखाली जाऊन सांगितलं, "आता न्या."

ती म्हातारी उठली नाही. "इझवला तुमी," ती म्हणाली. "आता इस्तूबी तुमीच द्या."

आबांनी काडीपेटी पुढे केली. साहेबांची पहिली काडी वाऱ्याने गेली. दुसरी त्यांनी ओढायला घेतली. म्हातारीने आपल्या दोन्ही हातांचा आडोसा केला, आणि काडी पेटली.