अर्धा ग्रॅम आणि दोन मिनिटं

त्याचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. कारखान्याचा भोंगा सातचा, म्हणजे साडेपाचला उठला असता तरी चाललं असतं. पण डिंक वाळायला दोन तास लागतात, आणि कामावर जायच्या आधी चिमटे काढून जोड तपासता आला पाहिजे, हे त्याचं गणित. रविवारीही सव्वाचारच. वारा उठायच्या आत मैदान गाठायचं असे. वारा उठल्यावर रबराच्या पिळावर उडणारं हलकं विमान सोडणं म्हणजे आठवडाभराची मेहनत हातानं फाडून टाकणं.

कारखान्यात तो लेथवर होता. चाळीस किलोचे लोखंडी दांडे कातायचे, दिवसाला अकरा. दांडा झाला की तपासनीस यायचा, मोजमाप लावायचा, नाक मुरडायचा आणि केसाएवढी चूक शोधून काढायचा. तपासनिसाला त्यानं मनातल्या मनात इतक्या वेळा शिव्या दिल्या होत्या, की समोर आल्यावर नवीन काही सुचत नसे.

संध्याकाळी तोच माणूस, तेच हात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टपालाचा काटा मांडून त्यावर लाकडाची काडी ठेवायचा आणि श्वास रोखून बसायचा. काडी अर्धा ग्रॅम जास्त भरली की त्याला जेवण गोड लागायचं नाही. म्हणून मैदानावरची मंडळी त्याला अर्धा ग्रॅम म्हणत. स्वतः होता नव्वद किलोचा. बायको म्हणायची, आधी पोट तासा. तो म्हणायचा, पोट उडवायचं नाहीये.

विमानाची करामत साधी होती. पोकळ पोटात रबराच्या पट्टीचे सोळा पदर, त्यांना एरंडेल चोळलेलं. बायकोनं विमान दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. त्यानं रबराचं टोक हातड्रिलच्या आकड्यात अडकवून आठ पावलं मागं जायचं, आणि पीळ भरत भरत एकेक पाऊल पुढं यायचं. पीळ साडेचारशे. दहा कमी पडले तर विमान आळसावतं, दहा जास्त झाले तर रबर तुटतं आणि विमानाच्या फासळ्या बाहेर येतात. मोजताना कुणी बोलायचं नाही. एकदा मैदानावर स्वतःचं विमान घेऊन येणाऱ्या शिंप्यानं किती वाजले म्हणून विचारलं. यानं भरलेले दोनशे सत्तर पीळ उलटे सोडले, पहिल्यापासून मोजले आणि शिंप्याशी महिनाभर अबोला धरला. शिंप्याचं म्हणणं, तो महिना फार सुखाचा गेला.

विमान सुटलं की तो त्याच्याखालून पळत सुटायचा, कारण ते कुठं उतरेल याचा नेम नसे. घड्याळ बायकोकडे. ती घडीची खुर्ची टाकून बसायची, मांडीवर वही. नियम असा की विमान जमिनीला टेकलं, किंवा वेळ घेणाऱ्याला दिसेनासं झालं, की घड्याळ बंद. दोन मिनिटं झाली की पूर्ण गुण. एका सकाळी तीन वेळा दोन मिनिटं वहीत लागली, तर वर्षाच्या मोठ्या स्पर्धेला जाता येई. ती दूरच्या शहरात असे. त्यासाठी तो तीन वर्षं ओव्हरटाइम करून पैसे बिस्किटांच्या डब्यात टाकत होता. पुढच्या वर्षी निवृत्ती होती. त्यानंतर ना ओव्हरटाइम, ना डबा. जायचं तर याच वर्षी, आणि वही भरायला चार रविवार उरले होते.

पण विमान बिघडलं होतं. दोन वर्षांपूर्वी दोन मिनिटं सहज व्हायची. मग वहीत एक बावन्न आलं, मग एक पंचेचाळीस. पळून छाती भात्यासारखी चालणाऱ्या माणसाला दीड मिनिट आणि दोन मिनिटं सारखीच. तो वहीवर विसंबायचा. त्यानं शेपटीच्या काड्या तासल्या. फासळ्यांना भोकं पाडली. चाकं काढून टाकली. तरी एक चाळीस. मग त्याच्या डोक्यात आलं की पंखांचा लाल कागद रंगामुळे जड आहे. त्यानं दोन संध्याकाळी खपून लाल कागद सोलला आणि पांढरा, बिनरंगाचा, पातळ कागद चढवला. दीड ग्रॅम वाचला. स्वारी खूष. पुढच्या रविवारी वहीत आलं एक मिनिट सव्वीस.

"आता नुसता कागदच सोड," शिंपी म्हणाला. "विमान घरी ठेव."

त्या रात्री त्यानं विमानाच्या नाकातली शिशाची गोळीसुद्धा कानस लावून घासली. माणूस हट्टाला पेटला की गाढवाची बरोबरी करतो, आणि गाढव निदान वजन करत बसत नाही.

तिसऱ्या रविवारी हवा पाण्यासारखी स्थिर होती. विमान चढलं, पीळ संपल्यावर नाकावरचा पंखा मिटला, आणि ते मोठमोठी वर्तुळं घेत तरंगत राहिलं. तो मान वर करून त्याच्याखालून पळत होता. पण या वेळी विमान दूर गेलं नाही. आलं त्याच वाटेनं मागं वळलं, खुर्चीच्या दिशेनं निघालं, आणि बायकोच्या अंबाड्याला घासून तिच्या पायाशी उतरलं.

ती दचकून उठली. विमान उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

तो धापा टाकत पोचला. वही मांडीवरून खाली पडली होती. तीत लिहून झालं होतं: एक मिनिट चोवीस. शाई वाळलेली होती.

त्यानं वहीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शिंप्याला वीस पावलांवर उभं केलं आणि विचारलं, बोटं किती दिसतात? ती म्हणाली, शिंप्याला पाचच असणार, मोजायचं काय त्यात. शिंप्यानं दोन दाखवली होती.

"मी दोन वर्षं विमान तासतोय," तो म्हणाला.

"मग काय, मला तासायचं होतंत?"

"सांगायला काय झालं होतं?"

ती खुर्चीची घडी करू लागली. घडी नीट बसेना.

"सांगितलं असतं तर घड्याळ काढून घेतलं असतंत. शिंप्याच्या मेहुण्याला दिलं असतंत. मग रविवारी मी काय करायचं? घरी बसून तुमचा डिंक वाळताना बघायचा?"

घड्याळ त्यानं खरंच काढून घेतलं असतं. त्याच सकाळी शिंप्यानं घड्याळ धरलं. सुई ओवणारे डोळे. दोन मिनिटं झाली, स्वच्छ. एवढ्यात वारा उठला. म्हणजे चौथ्या रविवारी शिंप्याला उभं केलं की वही भरली असती. सगळ्यांना कळत होतं. शिंप्यानं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आत नवी भिंगं बसवायची. तिनं खर्च विचारला आणि म्हणाली, स्पर्धा होऊन जाऊ दे, दोन वर्षं काढली तसे दोन महिने काढीन. डबा एकच होता. दोन दिवस तो डबा उघडून नोटा मोजत बसला. लेथवर एक दांडा बिघडवला, तीस वर्षांत पहिला, आणि तपासनिसाच्या तोंडावर जे सुख पसरलं ते त्याला बघावं लागलं. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेला. लोक म्हणाले, बायकोवर किती माया. होती, नाही असं नाही. पण चांगल्याभल्या विमानावर दोन वर्षं आळ घेतला याची लाजही त्यात होती, आणि लाल कागद सोलल्याची तर फारच.

"भिंगाचं वजन किती?" त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

त्यांनी तीस वर्षांत हा प्रश्न ऐकला नव्हता. म्हणाल्या, अर्ध्या ग्रॅमच्या कितीतरी खाली. तो समाधानानं मान हलवून बाहेर बाकावर जाऊन बसला.

चौथा रविवार गेला. स्पर्धाही गेली. शिंपी जाऊन आला आणि सातवा आला. तो पहिल्या तिघांत आला असता तर सांगायला घरी आला असता. दोन महिन्यांनी बायको पुन्हा खुर्चीत बसली. विमानावर लाल कागद चढवला होता, दीड ग्रॅम गेला खड्ड्यात. साडेचारशे पीळ, आठ पावलं. विमान उतरेपर्यंत तिनं मान खाली केली नाही. दोन मिनिटं नऊ.

तो विमान घेऊन परत आला, तोंडभर हसत. तिनं विमान हातात घेतलं, डोळ्यांसमोर धरलं, एका पंखावरून बोट फिरवलं.

"डावा पंख वाकडा आहे," ती म्हणाली. "इथं डिंकाचा लपका आहे. आणि हे ठिगळ कसलं लावलंत? हे असंच होतं की काय इतकी वर्षं?"

मग त्याच्याकडे वळली आणि सदऱ्याचं चौथं बटण वेगळं असल्याचं सांगितलं.

तीन वर्षांचा ओव्हरटाइम, रोजचे दोन तास, उभ्यानं. एवढं करून त्यानं निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या घरात तपासनीस आणून बसवला.