फुटलेली कल्हई

माझ्या तीन वर्षांच्या कामाचा फोटो अब्बांनी चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, "भांडं घासलं नाई वाटते तुनं. कल्हई फुटली."

कप्पाळ माझं! जऊळक्याला गाडीतून उतरून, ऑटोत अंग चोरून बसून किन्हीराजाला घरी आले होते ती त्यांच्या तोंडून एक 'शाब्बास' ऐकायला. बारावीत पहिली आले तेव्हा म्हणाले नाहीत, पीएचडीला लागले तेव्हाही नाही. त्यांची शाब्बासकी फक्त चकाकत्या भांड्याला.

अब्बा कल्हईवाले. आसेगावच्या बाजारात त्यांची भट्टी पेटली की बायका तांब्या-पितळेची भांडी घेऊन ओळीनं बसायच्या. मग स्टील आलं. अम्मी गेली. आता भाता कोपऱ्यात धूळ खातो आणि घरात एकटा टीव्ही बोलतो. शहरातल्या माझ्या खोलीत तर तोही नाही. दिवसभर प्रयोगशाळेत मी आणि यंत्रं. जेवलीस का, असं विचारणारं कुणी नाही. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं.

फोटोत काय होतं ते सांगते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा. त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवायचा आणि तापवायचं. सोनं ग्राफीनला नीट धरत नाही. थर फाटतो, आकसतो आणि त्याचे मणी होतात, साध्या डोळ्यांना न दिसणारे. ते मणी एकसारखे यावेत म्हणून तर मी तीन वर्षं जीव काढला होता.

"अब्बा, आमाले मनीच पायजेत," मी म्हटलं.

"मनी कायले पायजेत? मनी झाले म्हंजे काम बिघडलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येईन तुलेबी, बेटा. मायीबी पह्यले फुटे."

त्यांना वाटलं, मी लाज झाकतेय. मला इतका राग आला की रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अंगणात कोळसे पेटलेले. मला शिकवायचं म्हणून किती वर्षांनी त्यांनी भाता काढला होता! अम्मीचं पितळी पातेलं त्यांनी घासलं, तापवलं, कथलाची कांडी टेकवली, कापसाचा बोळा फिरवला. कथील पसरेचना. त्याचे मणी होऊन पातेल्यात इकडून तिकडे पळू लागले. अब्बा बोळा फिरवत राहिले, जोरात, आणखी जोरात.

नवसागर टाकायचा राहिला होता. त्याची चिमूट पडल्याशिवाय कथील भांड्याला धरत नाही, हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलेलं. पुडी त्यांच्या मांडीजवळच होती, न उघडलेली. हा माणूस जन्मात कधी नवसागर विसरला नव्हता.

त्यांचीही नजर पुडीवर गेली. बोळा थांबला. हात त्यांनी लुंगीला पुसले.

पातेल्यातच बघत हलकेच म्हणाले, "तुमच्यात यालेच चांगलं म्हन्तेत ना, बेटा?"

"हो अब्बा," मी म्हटलं. "शाब्बास."