विमानाखाली वाकणारा माणूस

दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं एकापाठोपाठ झाली आणि मुदखेडचे आनंदराज सोनकांबळे खुर्चीला खिळले. वीस वर्षं हवाई दलात इंजिन फिटर होते, सार्जंट होऊन बाहेर पडले. पुढं नांदेडला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन अठरा वर्षं उभे राहिले. अशा माणसाला नुसतं बसणं जमेना. सकाळी पेपर जाहिरातींसकट वाचून व्हायचा, मग ते धुरपताबाईंच्या स्वयंपाकात लक्ष घालायचे. आठवडाभर सोसून धुरपताबाईंनी लेकीला फोन लावला.

"लुंबिनी, तुझ्या पप्पाला कायतरी काम लाव माय. कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिलेत."

लुंबिनी नांदेडच्या पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवायची. पुढच्या रविवारी ती मैत्रिणीच्या गाडीतून आपला जुना कॉम्प्युटर आणि एक जॉयस्टिक घेऊन आली. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर होता आणि त्यात तिनं आदल्याच दिवशी एक ॲड-ऑन टाकलं होतं. हौशी लोक अशी एकेक विमानं तयार करून सिम्युलेटरमध्ये जोडायला देतात. हे होतं किरण, वैमानिकांना शिकवायचं दोन सीटचं जेट. आनंदराजांनी याच जातीच्या विमानावर अकरा वर्षं काम केलं होतं.

पडद्यावर विमान उभं राहिलं तसे आनंदराज खुर्चीत पुढं सरकले. चष्मा पुसला.

"नाकाजवळचा पत्रा बराबर हाय," ते म्हणाले. "कुणी केलं हे?"

"बेंगळुरूचा एक रुद्रेश म्हणून आहे. नोकरी सांभाळून फावल्या वेळात करतो. बसा आत."

लुंबिनीनं कॉकपिट उघडलं. तिच्या हातात सूचनांचा कागद होता, पण त्याची गरज पडली नाही. बॅटरी, इंधन, पंप. आनंदराज एकेका बटणावर बोट ठेवत गेले आणि ती माऊसनं ते दाबत गेली. इंजिन घरघरलं. तापमानाचा काटा चढला, थोडा थांबला, खाली आला. त्यांनी मान डोलावली. लुंबिनी खुश झाली.

"आता घ्या जॉयस्टिक. तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही तर खऱ्यात वर जाऊन आलात."

आनंदराजांनी इंजिनाचा जोर वाढवायला थ्रॉटल पुढं केला. विमान धावलं, डावीकडं वळलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि कलंडलं. दुसऱ्यांदा उजवीकडं गेलं. तिसऱ्यांदा जमीन सुटली, पण लगेच नाक खाली करून आदळलं. पडदा काळा झाला.

"हात बसेल हळूहळू," लुंबिनी म्हणाली. "त्या वेळी वर गेल्यावर वैमानिक साहेबांनी विमान तुमच्या हातात दिलं होतं ना थोडा वेळ?"

आनंदराजांनी जॉयस्टिक टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. धुरपताबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"मी वर गेलोच न्हाई, लुंबिनी."

तिला वाटलं, गंमत करताहेत.

"वैमानिकाशेजारी बसून वर जायचा एकदा नंबर लागला होता. चांगलं काम केलं म्हणून साहेबानं यादीत नाव घातलं. त्या दिवशी सर्दीनं कान गच्च झाला. डॉक्टर म्हणला, कानाचा पडदा जाईल, न्हाई जायचं. पुढच्या महिन्यात बदली झाली. सुट्टीला घरी आलो, तर तू सात वर्षांची. पप्पा, वरून कसं दिसतं म्हणून इचारलंस. मी सांगितलं. सांगत गेलो."

लुंबिनीला सगळं आठवत होतं. वरून गोदावरी कशी दिसते, शेतं कशी दिसतात, साहेब काय म्हणाले. शाळेत तिनं यावर भाषण केलं होतं आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती. इस्लापूरला आजोबा केरबा पारावर बसून तीच गोष्ट सांगायचे; त्यांच्या तोंडी तर मुलगाच विमान चालवायचा.

"आजोबांना तरी खरं सांगायचंत."

"कसं सांगू? त्या पारावर बाबाला आधी कुणी बसू देत नव्हतं."

लुंबिनीला राग आला होता आणि तो कुठं ठेवावा ते कळेना. धुरपताबाई मात्र शांत होत्या.

"मला ठाव होतं," त्या म्हणाल्या. "कानाच्या औषधाची चिठ्ठी तुमच्या पेटीत होती. तुम्ही वर गेलो म्हणून सांगायचात, तारीख तीच. पोरगी एवढं आवडीनं सांगायची, म्हणून म्या बोलले न्हाई."

आनंदराज बायकोकडं बघत राहिले. मग विषय बदलायचा म्हणून म्हणा किंवा खरंच डोक्यात राहिलं होतं म्हणून, ते पडद्याकडं वळले.

"पुन्हा लाव. उडवायचं न्हाई, नुसतं इंजिन चालू कर. बाहेरून दाखव."

तिनं लावलं. विमानाच्या पुढं कान झाकलेला एक कामगार उभा होता. इंजिन चालू झाल्याबरोबर त्यानं अंगठा वर केला आणि सलाम ठोकला.

"बघ. हा वाकलाच न्हाई."

"म्हणजे?"

"इंजिन चालू झालं की विमानाखाली वाकून बघायचं असतं. तेल गळतंय का, इंधन गळतंय का. आतल्या माणसाला खालचं काय दिसणार? त्यो फक्त आपला अंगठा बघतो अन् जातो." त्यांनी स्वतःचा अंगठा जरा वर केला, लगेच खाली घेतला. "एकदा थेंब दिसला म्हणून मी अंगठा दिला न्हाई. साहेब कॉकपिटातून वरडत होता. बंद करायला लावलं. पाइपाला चीर होती, केसाएवढी."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं? ते तर कामच होतं."

लुंबिनीनं खुर्ची ओढली. दुपारचं जेवण तसंच राहिलं. आनंदराज सांगत गेले, ती लिहीत गेली: संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटच्या लाल फितीच्या सुरक्षा-पिना काढून वैमानिकाला मोजून दाखवायच्या, चाकाखालचे ठोकळे कधी ओढायचे, हवा आत ओढणाऱ्या तोंडापासून किती लांब उभं राहायचं, कुठल्या बाजूनं वाकायचं. मग तिनं ते सगळं हिंदीत नीट मांडून रुद्रेशला पाठवलं. खाली लिहिलं, माझे वडील या विमानाचे फिटर होते.

चार दिवसांत रुद्रेशचा फोन आला. त्याला वैमानिक बरेच भेटले होते, फिटर एकही नाही. त्यानं तासभर विचारलं. आनंदराज सुरुवातीला "हां सर" म्हणत होते. शेवटी शेवटी "तसं न्हाई बेटा, ऐक" वर आले.

दीड महिन्यानं ॲड-ऑनची नवी आवृत्ती आली. लुंबिनीनं ती टाकली आणि तिघंही पडद्यासमोर बसले. इंजिन घरघरलं. कान झाकलेला कामगार बाजूनं आला, पोटाखाली वाकला, मागपर्यंत बघत गेला, परत समोर आला आणि मगच त्यानं अंगठा दाखवला.

"जरासंक घाई करतो," आनंदराज म्हणाले. मग पुन्हा लावायला सांगितलं.

आता ते घरातल्या घरात काठीशिवाय चालतात. लुंबिनी रविवारी आली की त्यांना विमान उतरवायला शिकवते आणि ते जवळजवळ दर वेळी जरा जोरातच टेकवतात. परवा शेजारच्या कुणीतरी विचारलं, साहेब, हवाई दलात तुम्ही विमान चालवायचात ना? आनंदराजांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि फिटरचं काम सांगायला घेतलं, सीटच्या पिनांपासून.