जिभेखालची दहा मिनिटं

"बाही वर कर. पाहुण्यांना दाखव."

व्यसनमुक्ती केंद्राचे सर असं म्हणाले तेव्हा माझ्या जिभेखाली गोळी होती. गोळी म्हणजे गोळीची पूड. सिस्टर ती कुटून जिभेखाली टाकतात आणि मग दहा मिनिटं बाकावर गप्प बसायचं. बोलायचं नाही. थुंकी गिळायची नाही. गिळली की औषध पोटात जातं आणि वाया जातं. जिभेखाली विरघळलं तरच अंगाला लागतं, आणि गर्द न घेता दिवस निघतो.

मी बाही वर केली.

दोन बाया आणि एक पुरुष. मुंबईहून गाडी करून आलेले. बोईसरच्या कारखान्यांचा वास सोसत नव्हता म्हणून एकीने नाकाला रुमाल लावलेला. दुसरी वाकली, माझ्या कोपरातले काळे डाग तिने बघितले. म्हणाली, "बाई गं, बघवत नाही." आणि बघत राहिली. मग फोन काढला.

"चेहरा नको," सर म्हणाले. "फक्त हात घ्या. ही आमची जुनी पेशंट. आता आमच्यासाठीच काम करते. हिचा नवरा यातच गेला."

माझ्या नवऱ्याला नाव होतं. ते सांगायला तोंड उघडता येत नव्हतं. सरांना हे माहीत होतं. पाहुणे ते नेहमी साडेदहालाच आणायचे, बाक भरलेला असताना. तेव्हा बाकावरच्या एकालाही बोलता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

राग आला का? खोटं कशाला सांगू, तेव्हा नाही आला. लाज आली. तीही माझीच मला. घरी येऊन मी हात साबणाने घासला, जसे काही डाग धुऊन जाणार होते.

आमचं गाव डोंगरात, मोखाड्याच्या बाजूला. पावसाची शेती, ती चार महिने पुरते. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर मी बोईसरजवळ कुंभवलीत आले. तो कारखान्यात गोणी उचलायचा, मी दुसऱ्या कारखान्यात पिंपं धुवायची. त्याची पाठ गेली. कोणीतरी गर्द दिला, पाठ दुखायची थांबली. मग सुई आली. मग मीही. मला कोणी फसवलं नाही, जबरदस्ती केली नाही. त्याला त्या अर्ध्या तासात जी शांती मिळायची ती मलाही हवी होती. हे मी कुठल्याच पाहुण्याला सांगितलं नाही, कारण त्यांना ते ऐकायचं नसतं.

तो गेला त्या दिवशी मी कामावर होते. खोलीत तिघं होते. हा निळा पडला तेव्हा बाकीच्या दोघांनी मिठाचं पाणी करून त्याच्या शिरेत टोचलं. आमच्यात तसं सगळे करतात. मीठ नशा उतरवतं म्हणतात. मीठ काही करत नाही. श्वास द्यायला हवा होता, रिक्षा बोलवायला हवी होती. पण रिक्षा म्हटली की हॉस्पिटल आणि हॉस्पिटल म्हटलं की पोलीस, म्हणून ते घाबरून पळाले. मी आले तेव्हा तो गार होता.

त्यानंतर मी केंद्रावर गेले. गोळी सुरू झाली. वर्षभराने सरांनी बॅग दिली. बॅगेत नव्या सुया, कापूस, वापरलेल्या सुया टाकायचा जाड डबा आणि एक चिमटा. कारखान्यांच्या भिंतीमागे, नाल्याच्या कडेला, रुळांजवळच्या झुडपात जायचं. "दीदी आ गई" म्हणत बिहार-युपीचे मजूर उठून बसायचे. मी सोड म्हणून सांगत नाही. सोड म्हणून आई सांगते, बायको सांगते, पोलीस काठीने सांगतो. मी सांगते, सुई ज्याची त्याची. एकट्याने घ्यायचं नाही. कोणी निळा पडला तर मीठ नको, तोंडाने श्वास दे आणि मला फोन कर. हे काम मला येतं. आयुष्यात हे एकच काम मला नीट आलं.

पण गोळी आणि बॅग, दोन्ही एकाच दारात. गोळी रोज सकाळी दहा ते बारा या वेळातच मिळते. नाही मिळाली तर संध्याकाळपर्यंत नाक गळतं, हाडं दुखतात, कातडी नकोशी होते. लांब जायचं तर दोन-चार दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला मिळतात, पण सरांनी हो म्हटलं तर. माझी आई वारली तेव्हा सर मीटिंगला गेले होते. मी दहा वाजेपर्यंत थांबले, गोळी घेतली, मग एसटी धरली. पोहोचले तोवर चिता विझली होती. भाऊ म्हणाला, "आयपेक्षा तुला गोळी मोठी झाली." त्या दिवशी खरंच गोळी मोठी होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी तर रोज सकाळी साडेनऊलाच धरायला जाऊन उभी राहायची.

वनिता मला मागच्या वर्षी भेटली. किनाऱ्याकडच्या गावातली, चिकूच्या वाडीवाल्यांची सून. चांगलं घर, दारात गाडी. नवरा घ्यायचा, त्याच्याबरोबर ही. बोईसरला बाजाराच्या निमित्ताने यायची आणि माझ्याकडून सुया न्यायची, भाजीच्या पिशवीत तळाला. पायाला गळू झालं होतं, साडीआड लपवलेलं. मी सहा महिने तिच्या मागे होते.

"केंद्रावर चल. गळूला औषध मिळंल, गोळी मिळंल."

"माझा फोटो-बिटो नाय ना काढनार कोन?" तिचा तोच प्रश्न, दर वेळी. "घरी समजला तर माझी पोर काढून घेतील. सासू वाटच बगते हाय."

तिची पोर सहा वर्षांची. तिच्याशिवाय वनिताला कोणी नव्हतं.

"कोन नाय काढनार," मी म्हणाले. "माझा शब्द हाय."

शब्द दिला तेव्हा माझा त्याच्यावर विश्वास होता. पाहुणे येऊन बरेच महिने झाले होते. आणि नव्या बाईला तरी सोडतील, असं मी धरून चालले. ही माझी चूक. माझी बाही वर करायला लावताना ज्याला दया आली नाही तो दुसरीवर दया करेल, असं मला का वाटलं कोण जाणे.

वनिताचा तिसरा दिवस होता. ती माझ्या शेजारी बाकावर, डोक्यावर पदर, जिभेखाली पूड. माझ्याही. बाकावर आम्ही सात जण. दार उघडलं आणि सर आत आले. मागे चार पाहुणे. एकाच्या गळ्यात मोठा कॅमेरा.

"इथे आमच्याकडे आता महिलाही येतात," सर म्हणाले. "अगदी चांगल्या घरातल्या. ही बघा, नवीन आहे." मग वनिताला, "पदर काढ. पाय दाखव त्यांना, लाजू नकोस."

वनिताने माझ्याकडे बघितलं. ती बोलू शकत नव्हती. तिचा हात माझ्या मनगटावर आला आणि नखं रुतली. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला.

घड्याळात तीन मिनिटं झाली होती. सात बाकी होती. सात मिनिटं मी गप्प बसले असते तर माझा दिवस निघाला असता.

मी गिळलं. आणि बोलले.

"नाय. तिचा फोटो काढायचा नाय. तिला हात लावायचा नाय. आमी पेशंट हाय, जत्रेतला खेळ नाय."

सिस्टर हातातली चिठ्ठी धरून उभ्या राहिल्या. सर हसले, पाहुण्यांकडे बघून. "जरा चिडचिड होते यांची. औषधामुळे."

"औषधामुळं नाय. तुमच्यामुळं," मी म्हणाले. उठून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, पाठ वनिताकडे.

फोटो निघाला नाही. पण वनिता थांबली नाही. पदराने तोंड झाकून, लंगडत, तोंडातली पूड तोंडातच घेऊन ती बाहेर पडली. मी हाक मारली तर वळून बघितलं नाही.

सरांनी बॅग तिथेच काढून घेतली. दुसरा डोस द्यायला सिस्टर तयार होत्या, सर म्हणाले नियमात बसत नाही. पाचच्या सुमाराला माझं अंग मोडायला लागलं. खोलीत चादर लपेटून बसले, घाम आणि थंडी एकदमच. भिंतीपलीकडे कोणाकडे गर्द मिळतो ते मला पाठ होतं. चाळीस पावलं. मी गेले नाही. यात शौर्य नाही, पायच उचलत नव्हते. आणि दुसऱ्या सकाळी, साडेनऊला, मी परत त्याच दारात रांगेत उभी होते. दुसरं दार आहेच कुठे?

रांगेत शिवकुमार माझ्या मागे होता. तोही बॅगवाला, माझ्यासारखाच; काल बाकावर तोही होता. हळूच म्हणाला, "दीदी, हम लोग कुछ बोल नहीं पाए."

"मुँह में दवा थी," मी म्हणाले.

"दवा तो रोज रहेगी," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

सरांनी आत बोलावलं. "माफीनामा लिहून दे, बॅग परत घे. आणि एक लक्षात ठेव, तुझी गोळीसुद्धा माझ्याच हातात आहे."

कालचा डोस नव्हता अंगात. भीती होती, ती आजही आहे.

"बंद करा," मी म्हणाले. "पन तसा लिहून द्या. गोळी का बंद केली त्या कागदावर लिवा, आनि खाली सही करा."

सरांनी लिहून दिलं नाही. गोळी बंद झाली नाही. बॅग मात्र मिळाली नाही.

मीच लिहिलं मग. सातवी शिकलेय, जमेल तसं. काय झालं, किती वाजता झालं, कोण काय बोललं. खाली माझं पूर्ण नाव. गोळी घेतल्यावर पालघर गाठलं, जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत अर्ज दिला, कारकून नको म्हणत असताना शिक्का मारून पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी जाते. कारकून आता मला लांबून ओळखतो आणि चहाला उठून जातो. मी तो परत येईपर्यंत बसते.

वनिता गोळीवर आली नाही. परत सुईवर गेली. शिवकुमार आपल्या बॅगेतल्या नव्या सुया मला देतो, त्या मी बाजारात तिच्या भाजीच्या पिशवीत टाकते. पायाचं गळू फुटलंय, ती उभी राहते तेव्हा कळतं. माझ्याशी एकदाच बोलली. "तू बोल्लीस ता बरा केलास. पन तू शब्द दिला व्हतास."

दिला होता. खोटा पडला. त्याला सर जबाबदार, तशी मीही.

म्हणून आता मी तिला चल म्हणत नाही. त्या खोलीच्या दाराला आतून कडी लागेल, कॅमेरा उंबऱ्याबाहेर राहील आणि हे कागदावर, सहीशिक्क्यानिशी माझ्या हातात येईल, त्या दिवशी तिच्याकडे जाईन. तोवर मी दर सोमवारी त्या कचेरीत बसणार आहे. मला हाकलायचं असेल तर त्यांनी पोलीस बोलवावेत. पोलिसांपुढेही मी पहिल्यापासून सगळं सांगेन, आणि सुरुवात माझ्या नवऱ्याच्या नावापासून करेन.